सुतकातलं चालणं

मी रोज रात्री एक गोळी घेतो आणि रोज सकाळी चालतो. दोन्हींपैकी कशामुळे किती फरक पडला, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, कारण माझं आयुष्य मोजून सांगण्यातच गेलं आहे. तेव्हा हे वाचून कोणी गोळी बंद करून नुसतं चालायला लागू नये. मी ते करून पाहिलेलं नाही. चालणं थांबलं तेव्हा माझं काय झालं, एवढंच मी नीट पाहिलं आहे आणि तेवढंच सांगणार आहे.

आकडा

जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी खरेदी खात्यात आहे. तूर किंवा हरभऱ्याची गाडी आली की पोत्यात नळी खुपसून दाणे काढायचे, ओलावा बघायचा, फुटका दाणा, डागी दाणा, माती वेगळी करून तोलायची आणि कटती किती, म्हणजे भावातून किती कापायचं, ते सांगायचं. माल आणणारा तोंडाकडे बघत उभा असतो. मालकही बघत असतो. एकदा आकडा सांगितला की मी तो बदलत नसे. बाजारात माझी जी काही पत होती ती एवढ्यावरच.

आजार आला तो दुःखाच्या रूपात आला नाही. म्हणून ओळखू आला नाही. मी एकच नमुना दोनदा बघायला लागलो, मग तीनदा. आकडा तोच यायचा, पण सांगताना तोंडातून निघायचा नाही. वाटायचं, आपण चुकलो तर? एका शेतकऱ्याने शेवटी हात जोडले. "भाऊ, कापा किती कापायचं ते, पण सांगा. माझे बैल उन्हात उभे आहेत." तरीही मी सांगू शकलो नाही. माझ्या हाताखालच्या माणसाने आकडा सांगितला आणि गाडी उतरून घेतली.

घरी आल्यावर जेवण नको, टीव्ही नको. बायकोने, सुनंदाने, भाजी कोणती करू विचारलं तरी मला घाम यायचा. झोप पहाटे उडायची आणि मग उजाडेपर्यंत छातीवर पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे, आपण नसलो तर या सगळ्यांचं सोपं होईल, असं वाटू लागलं. हे वाक्य मी महिनाभर कोणाला सांगितलं नाही. ज्याच्या मनात असं वाक्य येत असेल त्याने माझ्यासारखा महिना घालवू नये. त्याच दिवशी घरात सांगावं आणि डॉक्टर गाठावा.

निदानाचा दिवस

छातीसाठी म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजीची पट्टी चांगली निघाली. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली. ती वाचून सुनंदा म्हणाली, "हे तर डोक्याचे."

त्या दवाखान्यात सगळे भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखे बसले होते. कोपऱ्यात जामनेरचा एक धान्य व्यापारी दिसला. आमच्या मिलला त्याचा माल यायचा. नजरानजर झाल्यावर बोलणं भाग पडलं.

"तुम्ही इकडे कसे?" तो म्हणाला.

"चुलत भावाला दाखवायला आणलंय. तुम्ही?"

"मेव्हण्याला."

त्याच्या शेजारी मेव्हणा नव्हता आणि माझ्या शेजारी चुलत भाऊ नव्हता.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान. त्यांनी खूप प्रश्न विचारले, शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "याला नैराश्य म्हणतात. आजार आहे. तुमचा दोष नाही." मरणाचा विचार आल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी काही दिवस दाखल व्हायला सांगितलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना सुनंदाने ती चिठ्ठी बारीक घडी करून पर्सच्या तळाशी ठेवली. मग म्हणाली, "मी काय कमी केलं?"

"तुझा काय संबंध?"

"लोक तेच म्हणतील. आणि आपल्याला पोरीचं बघायचंय."

मुलगी नाशिकला नोकरीला लागली होती. स्थळं यायला सुरुवात झाली होती. त्या वाक्यानंतर मी आजाराइतकाच तो उघड होण्याला घाबरू लागलो.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस ठरलेला असतो आणि तीच त्याची कृपा असते. सहाला चहा. मग गोळ्या, त्या गिळल्या की नाही हे बघायला तोंड उघडून दाखवायचं. पन्नाशीच्या माणसाला लहान मुलासारखं "आ करा" म्हणतात तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटतं. नंतर बरं वाटतं, की आता गोळी घ्यायची की नाही हे तरी आपल्याला ठरवायचं नाही.

संध्याकाळी सगळ्यांना गच्चीवर न्यायचे. पाण्याच्या टाकीभोवती चकरा मारायच्या. कोणी रेंगाळलं तर सिस्टर हाक मारायची, "ओ भाऊ, वरात नाही ही, चला!" मला त्याचा राग यायचा. डॉक्टरांना मी विचारलं, "या चालण्याने किती टक्के फरक पडतो?"

त्यांना माझं काम माहीत होतं. म्हणाल्या, "काका, ही तूर आहे का? टक्के मी सांगू शकत नाही. गोळीइतक्या गंभीरपणे रोज चाला, एवढं सांगते. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे."

टक्केवारीशिवाय मी आयुष्यात काही विकत घेतलं नव्हतं. हे घेतलं, कारण दुसरं काही समोर नव्हतं.

शुगर

घरी आल्यावर मेहरूण तलावाकडे सकाळी चालायला जाऊ लागलो. पहिले कितीतरी दिवस काही म्हणजे काही झालं नाही. पाय दुखले, एवढंच. लोक सांगतात, चालून आलं की प्रसन्न वाटतं. मला प्रसन्न वाटलं नाही. आजही दर वेळी वाटत नाही.

झालं ते वेगळंच. आधी सगळे विचार एकदम अंगावर यायचे. चालताना ते एकामागून एक येऊ लागले. एकामागून एक आलेला विचार माणूस सहन करू शकतो. मग भूक लागू लागली. झोप थोडी पुढे सरकली. आणि एक गोष्ट फार बारीक आहे, पण माझ्यासाठी मोठी होती. तलावापाशी रस्ता दोन बाजूंना जातो. रोज तिथे उभं राहून डावीकडे की उजवीकडे, हे ठरवावं लागायचं. चुकलं तरी कोणाचं नुकसान नव्हतं. आजारानंतर मी पहिले निर्णय घेतले ते त्या ठिकाणी. मिलमध्ये पुन्हा आकडा सांगू लागलो तो त्यानंतर.

गल्लीत अर्थातच चौकशी सुरू झाली. कामाशिवाय चालणारा माणूस आमच्याकडे कोणाला बघवत नाही. शेजारच्या वहिनींनी सुनंदाला विचारलं, "भाऊ रोज कुठे जातात हो एवढ्या सकाळी?"

"शुगर निघाली ना त्यांना," सुनंदा म्हणाली. तिने ते आधी ठरवलं होतं की आयत्या वेळी सुचलं, मी विचारलं नाही.

शुगर हा आमच्याकडे प्रतिष्ठित आजार आहे. शुगर म्हटल्यावर सगळी दारं उघडली. वहिनींनी मेथ्या पाठवल्या. समोरच्या काकांनी कारल्याच्या रसाची वाटी आणली आणि पिऊन होईपर्यंत ते उभे राहिले. मिलमध्ये माझा चहा बिनसाखरेचा झाला. गावी माझ्या धाकट्या भावाला, प्रकाशला, तेच कळवलं. दोन वर्षं मी फिका चहा प्यालो आणि कोणाच्या चौकशीशिवाय चाललो. सौदा वाईट नव्हता.

बसणं

मग मार्चमध्ये वडील गेले.

आमचं गाव धुळ्याहून एस.टी.ने तासाभरावर आहे. प्रकाश तिथे शेती बघतो. वडील म्हातारे होते, फार हाल झाले नाहीत. मी थोरला, म्हणून अग्नी देऊन क्रिया मी धरली. आमच्या भाऊकीत क्रिया धरणाऱ्याने दहा दिवस उंबऱ्याजवळ घोंगडीवर बसायचं असतं. पायात काही घालायचं नाही, गावात फिरायचं नाही. लोक बसायला येतात तेव्हा तो समोर दिसला पाहिजे. आत, मधल्या घरात, आई कोपऱ्यात बसलेली. तिच्या शेजारी माझी आत्या, वडिलांची बहीण. ती स्वतः फार पूर्वी विधवा झालेली, म्हणून रीत तिच्या हातात.

दिवसभर माणसं येत. बाया आत गेल्या की रडं उठायचं. पुरुष माझ्यासमोर बसायचे, तंबाखू मळायचे आणि अहिराणीत विचारायचे, "कसं व्हयनं?" म्हणजे कसं झालं. मी सांगायचो. सकाळी चहा घेतला, मग म्हणाले पडतो, मग उठलेच नाहीत. ते जायचे, दुसरे यायचे. "कसं व्हयनं?" सकाळी चहा घेतला, मग म्हणाले पडतो. तीच हकिगत इतक्यांदा सांगितली की त्यात माझा बाप उरला नाही. मला रडू आलं नव्हतं. तेही लोकांच्या लक्षात येत होतं.

दोन-तीन दिवस ठीक गेले. मग पहाटे छातीवरचं पोतं परत आलं. चुलतभावाने विचारलं, चहा आता देऊ की पाव्हण्यांबरोबर, आणि मला उत्तर देता येईना. तो कप धरून उभा आणि माझ्या कपाळावर घाम. मी तो घाम ओळखला. गोळ्या मी खिशातून चोरून घेतच होतो. थांबलं होतं ते फक्त चालणं. त्याच्याच जोडीला बापाचं जाणं, झोप मोडणं, हेही होतं हे मला मान्य आहे. पण हातात परत घेता येण्यासारखं एकच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उठलो आणि धुळ्याच्या रस्त्याने चालू लागलो. अनवाणी, अंगावर उपरणं, डोकं भादरलेलं. भरभर चालत होतो, कारण तशीच सवय होती. समोरून दूधवाला आला, माझ्याकडे बघून थांबला आणि गाडी वळवून गावाकडे पळाला. पुढे काय झालं असेल ते मला नंतर कळलं. त्याने प्रकाशला उठवून सांगितलं, "तुना भाऊ पळी चालना!"

प्रकाश मोटारसायकलवर आला, तोही अनवाणी.

"भाऊ, कोठे चालना?"

"कोठेच नही. फिरी राहिनू."

त्याला ते समजेना. "फिरी राहिना? बाप जाईसन चार दिन नही व्हयनात, आनि तू फिरी राहिना?"

"माले चालनं पडस. तुले माहीत शे."

"बस मांगे," एवढंच तो म्हणाला. मी मागे बसलो. वाटेत पाणी भरणाऱ्या बाया हंडे खाली ठेवून बघत होत्या.

दारात नाना उभे होते. नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, भाऊकीतले आता सगळ्यात मोठे. "दहा दिन नही चालना तं शुगर काय खाई टाकी का तुले?" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "साखर कमी खा आनि गपचूप बस."

बसलेली माणसं हसली नाहीत, पण हसू दाबल्याचं मला दिसलं. शुगरवाल्याने दहा दिवस नाही चाललं तर खरंच काय बिघडतं? नाना बरोबर बोलत होते. जळगावात ज्या खोट्याने मला रस्त्यावर सोडलं होतं, त्यानेच इथे घोंगडीवर बसवलं.

गोठ्यात

त्या दुपारी मी इतका खाली गेलो की मला माझीच भीती वाटली. सुनंदा आतल्या बायांत होती, तिला बाहेर बोलावणं शक्य नव्हतं. प्रकाश गोठ्यात म्हशीला चारा टाकत होता. मी उठून तिथे गेलो.

"परकाश, माले शुगर नही शे."

तो पेंढी हातात धरून थांबला. "मंग काय शे?"

"मनना आजार शे. दवाखानामा व्हतू. गोया चालू शेतस."

त्याने पेंढी टाकली. काहीतरी मोठं बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "मंग दोन वरीस आम्ही तुले बिनसाखरना चहा पाजी राहिनूत?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. त्यालाही आलं, पण लगेच गेलं.

"याडा व्हयना का तू?"

"नही. पन बसी राहिनू तं काय व्हई, ते माले माहीत शे. मांगे जीव देवाना इचार ये. आज परत उना."

प्रकाश सहावीनंतर शेतात गेलेला माणूस. त्याने मला समजावलं नाही, धीर दिला नाही. माझ्या खांद्यावर चाऱ्याने भरलेला हात ठेवला आणि विचारलं, "कितलं चालनं पडस?"

"पाऊन तास, तासभर."

"इतलंच ना?" तो म्हणाला. "थांब. माले इचार करू दे."

नदी

संध्याकाळी भाऊकी बसली असताना प्रकाशने अगदी भोळेपणाने विषय काढला. "नाना, पहिले किरयावाला आंघोयले नदीवरच जाये ना?"

"जाये ना," नाना म्हणाले. "आते दारमा नळ उना, बठ्ठा आळशी व्हई ग्यात."

"तं मंग भाऊ नदीवर जाई. दोन्ही टाइम. बापनं करानं तं बठ्ठं रीतनं करानं."

नानांनी माझ्याकडे बघितलं. जास्तीच्या पुण्याईला नाही म्हणणं भाऊकीत कोणाला जमत नाही. "जाऊ दे," ते म्हणाले. "शहरमा राहिसनबी पोऱ्याले रीत समजस."

पांझरा आमच्या गावापासून बरीच लांब आहे. मार्चमध्ये तिच्यात पाणी नसतं, वाळूत कुठे डबकं असतं. मी तांब्या घेऊन सकाळ-संध्याकाळ जाऊ लागलो. डबक्यातलं तांब्याभर पाणी अंगावर घ्यायचं आणि परत यायचं. पायाला फोड आले. संध्याकाळी जाताना माती तापलेली असायची. भरभर चालता येत नव्हतं, पण चालता येत होतं.

एक-दोन दिवसांत छाती थोडी हलकी झाली. आणि नदीवरून परत येताना, एका बाभळीपाशी, मला रडू आलं. वडील चहा पिताना बशी दोन्ही हातांनी धरायचे, ते आठवलं. दारात मी त्यांच्या शेवटच्या सकाळची हकिगत सांगून सांगून थकलो होतो, त्यात ही बशी एकदाही आली नव्हती. मी रस्त्याच्या कडेला बसून पोटभर रडलो.

पुढे डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते दुःख होतं. दुःख झालं पाहिजे. आजार दुःखसुद्धा होऊ देत नाही." व्यायामाने मनाला काय मिळतं, असं मला कोणी विचारलं तर मी आनंद म्हणणार नाही. मला माझ्या बापाचं दुःख परत मिळालं. त्याची किंमत मला कळते.

गावात माझं कौतुक झालं. पोऱ्या बापाकरता अनवाणी नदीवर जातो, म्हणून बाया मुलांना दाखवू लागल्या. ते ऐकताना मान वर होत नसे.

कोपरा

तेराव्यानंतर आम्ही जळगावला निघालो. आईच्या पाया पडायला आत गेलो. आमच्याकडे विधवा झालेली बाई सव्वा महिना घराबाहेर पाय टाकत नाही. मागे न्हाणीपर्यंत जायचं आणि परत कोपऱ्यात बसायचं.

माझी आई जन्मभर शेतात चाललेली बाई. वडील गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा ती मळ्यात जाऊन आली होती. ती आता भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि बोटाने जमिनीवर काही नसलेलं पुसत होती.

"नदीले पानी शे का?" तिने विचारलं.

"डबकं शे, माय."

"मना पाय जड पडी ग्यात," ती म्हणाली. "बसी बसी जीव घाबरस."

एस.टी.ची वेळ झाली होती. आत्या शेजारी होती. मी "होईल ठीक" म्हणालो आणि निघालो.

जळगावात मी पुन्हा तलावाकडे जाऊ लागलो. पण रोज चालताना तेच डोळ्यांसमोर यायचं. मला सुटका मिळाली ती प्रकाशच्या युक्तीने. आईसाठी तशी युक्ती रीतीत कुठे नव्हती. प्रकाश फोनवर सांगायचा, माय जेवत नाही. मग सांगू लागला, माय बोलत नाही. मोठ्या बायकांचं म्हणणं होतं, दुःख आहे, होणारच. असेलही. मी डॉक्टर नाही. पण ते बोटाने पुसणं मी वॉर्डात पाहिलेलं होतं.

सुनंदाला म्हणालो, "गावी जाऊन सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली. "पोरीचं?"

"आईचं आधी."

पोळी करपली तेव्हा तिने ती काढली. नाही म्हणाली नाही. हो देखील म्हणाली नाही. माझ्याबरोबर आली मात्र.

उंबरा

सव्वा महिना पुरा व्हायचा होता. नाना ओट्यावर होते, आत्या आत. मी दारातच उभा राहिलो, म्हणजे दोन्हीकडे ऐकू जाईल.

"मायले बाहेर चालाले लई जानं शे," मी म्हणालो.

"सव्वा महिना व्हवा बिगर नही," आत्या आतून म्हणाली. "मी बसेल नव्हती का? मी मरी गयी का?"

"आत्या, तू बसनी. तुले आतमा काय व्हयनं, ते कोनी इचारं का?"

मग मी नानांकडे वळून सगळं सांगितलं. शुगर नाही. दवाखाना. गोळ्या. मरणाचा विचार. नदी कशासाठी होती तेही. आकडा सांगावा तसं सांगून टाकलं. सुनंदा ओट्याच्या पायरीवर मान खाली घालून बसली होती.

नाना म्हणाले, "हाई आठे सांगानी गोष्ट शे का?"

"दुसरीकडे कोठे सांगू, नाना?"

ते उठून चालायला लागले आणि आपल्या घरी गेले. अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मग आतून आत्याचा आवाज आला. "ऊठ व वयनी," ती आईला म्हणाली. तिने स्वतः आईच्या काखेत हात घातला.

आईचे गुडघे धरले होते. उंबऱ्यावर ती थांबली, उन्हाने डोळे मिटले. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने प्रकाश. गोठ्यावरून, विहिरीच्या वाटेने, चिंचेपर्यंत गेलो. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. चिंचेखाली आईला धाप लागली, म्हणून टेकवली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "कपाशीना पऱ्हाट्या आजून काढ्या नहीत का?" कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून निघालेलं ते पूर्ण वाक्य होतं. प्रकाश म्हणाला, "काढसू, माय."

परत येताना तिने मला विचारलं, "उद्या येशी का?"

"उद्या माले जळगावले जानं शे, माय."

"मंग?"

प्रकाश म्हणाला, "मी लई जासू. रोज."

याला आता दोन महिने होतील. त्या दिवसानंतर भाऊकीत माझा आजार सगळ्यांना माहीत झाला आहे. मुलीचं एक स्थळ पुढे सरकलं नाही. कारण सांगितलं गेलं नाही, मीही अंदाज लावत नाही. मी गोळी घेतो, चालतो आणि मिलमध्ये आकडा सांगतो. प्रकाश आईला रोज नेतो की नाही, हे मला इथे बसून कळत नाही. फोनवर विचारलं की तो हो म्हणतो. आई फोनवर येत नाही.